शेक सुरू होण्याआधी आणि सुरू असताना: ठाणे-नवी मुंबईतल्या रुग्णांसाठी आणि घरच्यांसाठी

‘शेक द्यावे लागतील’, म्हणजे कॅन्सरवर रेडिएशन (किरणोपचार) द्यावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं की घरचे विचारतात, किती दिवस? त्याआधी विचारायचा प्रश्न आहे, कशासाठी? आजार मुळापासून संपवायचा असेल तर रेडिएशन अनेकदा सहा-सात आठवडे चालतं. हाडातली वेदना थांबवायची असेल तर ते एका दिवसातही संपतं. एका दिवसाचं रेडिएशन म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, असं मुळीच नाही. पहिल्या भेटीतच फाइलवर चार गोष्टी लिहून मागा: उद्देश काय, एकूण डोस किती ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप), किती सिटिंगमध्ये (एका वेळचा शेक म्हणजे एक सिटिंग) आणि कोणत्या तंत्राने. पुढे डॉक्टर बदलले, दुसरं मत घ्यायचं झालं किंवा आजार परत आला, तर याच चार ओळी कामी येतात.

कॅन्सर दुर्मिळ असेल, म्हणजे सार्कोमा (स्नायू, चरबी, हाड यांची गाठ), कॉर्डोमा (कवटीच्या तळाची किंवा मणक्याची गाठ), न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींची गाठ) असं काही नाव रिपोर्टवर असेल, तर मशीन शोधण्याआधी बायोप्सीच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मिळवा आणि अशा गाठी नेहमी पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून तपासून घ्या. दुर्मिळ गाठींचं निदान फेरतपासणीत बदलू शकतं, आणि निदान बदललं की डोस, क्रम, सगळंच बदलतं. हाता-पायातल्या सार्कोमाचं उदाहरण घ्या. ऑपरेशनआधी रेडिएशन द्यायचं तर साधारण ५० ग्रे २५ सिटिंगमध्ये देतात आणि चार ते सहा आठवड्यांनी गाठ काढतात. घाईने आधी गाठ काढली तर नंतर डोस ६० ते ६६ ग्रेपर्यंत जातो आणि शेकायचा भागही मोठा होतो. म्हणून सर्जन, रेडिएशनचे आणि केमोचे डॉक्टर एकत्र बसून निर्णय घेतात त्या ट्यूमर बोर्डासमोर केस गेली का, हे स्पष्ट विचारा.

प्रोटॉनबद्दल, म्हणजे एक्स-रेऐवजी प्रोटॉन कणांच्या झोताने देतात त्या शेकाबद्दल, बरीच विचारणा होते, कारण टाटा मेमोरियल सेंटरचं प्रोटॉन केंद्र खारघरच्या त्यांच्या संशोधन केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्येच आहे आणि २०२३ पासून तिथे उपचार होत आहेत. लिनॅक या नेहमीच्या रेडिएशन मशीनमधले एक्स-रे गाठीतून आरपार जातात आणि मागच्या अवयवांनाही थोडा डोस देतात. प्रोटॉन ठरलेल्या खोलीवर आपली बहुतेक ऊर्जा सोडतो आणि तिथेच थांबतो. कवटीच्या तळाशी किंवा मणक्यात असलेला कॉर्डोमा, लहान मुलांच्या गाठी, एकदा शेकलेल्या जागी पुन्हा शेक, इथे हा फरक मोलाचा ठरतो. आजार अनेक अवयवांत पसरला असेल तर प्रोटॉनने फारसं साधत नाही. तिथे औषधं मुख्य आणि रेडिएशन त्यांच्या जोडीला. प्रोटॉनची वाट पाहत चालू उपचार लांबवू नका.

प्लॅनिंग सीटीच्या दिवशी

या दिवशी उपचार होत नाही, तरी पूर्ण कोर्समधला सगळ्यात महत्त्वाचा दिवस हाच. रुग्ण ज्या स्थितीत या दिवशी झोपतो, त्याच स्थितीत पुढे रोज झोपायचं असतं. डोक्या-मानेच्या गाठीसाठी थर्मोप्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवतात. ती काही मिनिटांत घट्ट होते, श्वास घेता येतो. दाढी आणि केस आधीच कमी करून जा, कारण नंतर कापले तर मास्क सैल होतो. नथ, कानातलं, मंगळसूत्र, कवळी काढून ठेवा. फुप्फुसाच्या किंवा यकृताच्या गाठीत श्वासासोबत गाठ हलते, म्हणून श्वास रोखायला सांगू शकतात. घरी २० सेकंद श्वास धरायचा सराव करून गेलात तर टेबलावर घाबरायला होत नाही.

सीटीत अवयव स्पष्ट दिसावेत म्हणून कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन द्यायचं असेल तर क्रिएटिनीनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा, ताजा रिपोर्ट लागतो. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर आधी सांगा. त्यानंतर डॉक्टर सीटीच्या प्रत्येक कापावर गाठ आणि आसपासचे अवयव रेखाटतात, मेडिकल फिजिसिस्ट किरणांची आखणी करतात आणि ती मशीनवर तपासून पाहतात. याला काही दिवस, कधी आठवडाभर किंवा जास्त लागतो. घरच्यांना हे दिवस वाया गेल्यासारखे वाटतात, पण मिलिमीटरचा हिशेब याच दिवसांत होतो.

तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरमध्ये प्लॅनिंगच्याही आधी दातांच्या डॉक्टरांकडे जा. किडलेले दात काढायचे असतील तर रेडिएशनच्या किमान १० ते १४ दिवस आधी काढावे लागतात, म्हणजे जखम भरते. शेक झाल्यावर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. तेव्हा दात काढला तर हाड उघडं पडून सडू शकतं. हा धोका वर्षानुवर्षं राहतो, म्हणून पुढेही दंतवैद्याला रेडिएशन झाल्याचं सांगायला विसरू नका.

रोजचं वेळापत्रक

पोटाच्या खालच्या भागाचे शेक असतील, उदाहरणार्थ गर्भाशयमुखाचे किंवा प्रोस्टेटचे, तर लघवीची पिशवी, म्हणजे मूत्राशय, रोज सारखी भरलेली हवी. भरलेली पिशवी आतडी वर ढकलते आणि ती किरणांच्या वाटेतून बाजूला होतात. साधारण पद्धत अशी: लघवी करून या, ५०० मिली पाणी प्या, मग ३० ते ४५ मिनिटं थांबा. तुमच्या केंद्राने वेगळं माप दिलं असेल तर तेच पाळा. चूक होते ती प्रवासात. ठाण्याहून निघतानाच बाटलीभर पाणी प्यायलं आणि घोडबंदर रोडला किंवा ऐरोलीला अडकलं, की नंबर येईपर्यंत रुग्ण थांबूच शकत नाही. केंद्रात पोचून मशीनवर किती नंबर बाकी आहेत ते विचारा आणि मगच पाणी प्या. वाल, पावटा, कोबी असे वातूळ पदार्थ त्या आठवड्यांत टाळा आणि पोट रोज साफ होऊ द्या, कारण गुदाशयात साठलेला वातही गाठीची जागा हलवतो.

ठाण्याहून खारघरला ट्रान्स-हार्बरने जाताना पनवेल लोकलच धरा. वाशी आणि नेरूळ लोकल तिथवर जात नाहीत. कॅन्सरच्या रुग्णाला दिव्यांगांच्या डब्यातून प्रवास करता येतो, कागद जवळ ठेवा. पावसाळ्यात रुळांवर पाणी आलं तर लगेच केंद्राला फोन करा, वेळ बदलून मिळू शकते. त्वचेवर मार्करच्या रेघा असतील आणि घामाने पुसट झाल्या तर घरी पेन घेऊन गिरवू नका, तंत्रज्ञांनाच दाखवा.

खाडा मात्र नको. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये कोर्स जितका लांबतो, तितकी आजार आटोक्यात राहण्याची शक्यता घटते. दर जादा दिवसामागे सुमारे एक टक्का, असा अंदाज मानला जातो. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये बाहेरचे शेक आणि ब्रेकीथेरपी (आतून दिलेला शेक) मिळून आठ आठवड्यांत संपवायचं असतं. म्हणून सुरुवातीची तारीख ठरवतानाच गणपती, दिवाळी कधी आहे ते पाहा. गावी जाणं मध्येच सुचलं तर परवानगीशिवाय निघू नका. मशीन बंद पडलं तर खाडा कसा भरून काढणार, हे विचारणं तुमचा हक्क आहे. शनिवारी सिटिंग घेतात किंवा एका दिवसात दोन देतात, मध्ये किमान सहा तास ठेवून.

तोंडाला किंवा घशाला शेक असतील तर तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला तोंड सोलवटतं. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक चहाचा चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा घालून दिवसातून पाच-सहा वेळा गुळण्या करा, पाणी रोज नवं करा. तिखट, लोणचं, तंबाखू, मिश्री पूर्ण बंद. नाचणीची पेज, मऊ खिचडी, ताकभात, अंडं, दूध असं थोडं थोडं दर दोन तासांनी द्या. दर आठवड्याला त्याच काट्यावर वजन करा. वजन बरंच उतरलं की मास्क ढिला पडतो, गाठ आणि अवयव सरकतात आणि नवी सीटी करून आखणी पुन्हा करावी लागते. गिळणंच बंद होत असेल तर नाकातून घातलेल्या अन्नाच्या नळीला घाबरू नका, ती तात्पुरती असते. शेकलेल्या त्वचेवर पावडर, हळद, चंदन, बाम काही नको. लोक मायेने सुचवतात, तरीही नको.

आजार पसरलेला असेल तेव्हा

हाडात गेलेल्या कॅन्सरच्या वेदनेला ८ ग्रेची एक सिटिंग ही पाच किंवा दहा सिटिंगइतकाच आराम देते. फरक इतकाच की पुढे पुन्हा शेकण्याची गरज जास्त जणांना पडते. रोजचा प्रवास झेपणार नाही अशा रुग्णासाठी हा पर्याय स्वतःहून विचारा. पहिल्या दोन-तीन दिवसांत वेदना वाढू शकते, तिच्यासाठी गोळी आधीच लिहून घ्या. पूर्ण आराम यायला दोन ते चार आठवडे लागतात, तोवर मॉर्फिन बंद करू नका. पसरलेल्या गाठी मोजक्याच, म्हणजे पाचपर्यंत असतील, तर एसबीआरटी म्हणजे एक ते पाच सिटिंगमध्ये मोठा, अचूक डोस देण्याचा विचार होऊ शकतो.

एका गोष्टीसाठी मात्र रात्री-अपरात्रीही थांबायचं नाही. पाठीत नवी, आडवं झाल्यावर वाढणारी वेदना, पायातली ताकद कमी होणं, चालताना तोल जाणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं, यातलं काही दिसलं तर मज्जारज्जूवर दाब येत असू शकतो. सोमवारच्या ओपीडीची वाट पाहू नका. तातडीच्या विभागात जा, ‘कॅन्सर आहे आणि पाय लुळे पडतायत’ असं पहिल्याच वाक्यात सांगा, पूर्ण मणक्याचा एमआरआय मागा. उपचार सुरू होताना जो रुग्ण चालत असतो, तो बहुधा पुढेही चालतो. पाय पूर्ण गेल्यावर ते परत येणं फार कठीण.

बाहेरून शेक घेतलेल्या रुग्णाच्या अंगात किरण उरत नाहीत. नातवंडांना कुशीत घ्या, एका ताटात जेवा. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरसाठी शिरेतून देतात त्या ल्युटेशियम या किरणोत्सारी औषधाच्या उपचाराचं तसं नाही. तो साधारण आठ आठवड्यांच्या अंतराने चार वेळा देतात आणि प्रत्येक वेळी काही दिवस गरोदर बायका आणि लहान मुलांपासून अंतर ठेवावं लागतं, शौचालयात दोनदा फ्लश करावं लागतं.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसत असाल तर प्लॅनिंगच्या आधीच आरोग्यमित्राला (योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनीसाला) भेटा, मंजुरी आधी घ्यावी लागते. आणि कोर्स संपल्यावर फक्त डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. पूर्ण प्लॅन सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर डायकॉम (स्कॅन आणि प्लॅन साठवण्याच्या प्रमाणित) स्वरूपात मागा आणि दोन प्रती करा. त्याच जागी पुन्हा शेक द्यायची वेळ आली, तर मज्जारज्जूने आधी किती ग्रे सोसलेत हे त्या फाइलशिवाय अचूक कळत नाही, आणि मग डॉक्टरांना डोस कमी ठेवावा लागतो.