मपेट शोच्या भागावर लिहायचं तर

मालिकेच्या एखाद्या भागावर लिहिताना बहुतेक जण त्याची गोष्ट सांगण्यातच अर्धी जागा घालवतात. मपेट शो म्हणजे जिम हेन्सनच्या बाहुल्यांचा इंग्रजी विनोदी टीव्ही कार्यक्रम: बाहुल्या एक नाट्यगृह चालवतात आणि दर भागात एक नामवंत माणूस पाहुणा म्हणून येतो. त्याच्या बाबतीत तर गोष्ट सांगण्याचा काही उपयोग नाही. गोष्ट म्हणजे विंगेतला गोंधळ, आणि तो एका ओळीत सांगून होतो. वाचणाऱ्याला हवं असतं ते वेगळंच: तुम्हाला हसू नेमकं कुठं फुटलं आणि ते कशानं फुटलं.

आधी हातात कुठली प्रत आहे ते बघा. १९७६ ते १९८१ या काळात पाच हंगाम झाले, प्रत्येकी २४ म्हणजे एकूण १२० भाग. चित्रीकरण इंग्लंडात, एल्स्ट्रीच्या स्टुडिओत व्हायचं. ब्रिटनमध्ये जाहिरातींना वेळ कमी, म्हणून तिथल्या प्रक्षेपणात दोनेक मिनिटांचा जास्तीचा तुकडा असायचा, बहुधा गाणं. अमेरिकेत तो दाखवला जात नसे. पुढे २००५ साली पहिल्या हंगामाची डीव्हीडी आली, तेव्हा संगीताच्या हक्कांपायी काही गाणी गळली. तेव्हा ‘हा भाग मध्येच तुटल्यासारखा वाटतो’ असं लिहिण्याआधी तो मुळात तुटका होता की तुमच्या प्रतीत तुटला, याची खात्री करा. भागाच्या क्रमांकावरही विसंबू नका. चित्रीकरणाचा क्रम आणि प्रक्षेपणाचा क्रम वेगळा असल्यामुळे दोन याद्यांत एकाच भागाला दोन क्रमांक सापडतात. हंगाम आणि पाहुण्या कलाकाराचं नाव लिहिलं की घोळ होत नाही.

पहिल्यांदा भाग सलग बघायचा. थांबवायचा नाही, मागे न्यायचा नाही आणि वेग वाढवायचा तर मुळीच नाही. सव्वापट वेगावर संवाद कळतात, पण कार्यक्रम चालवणारा बेडूक केर्मिट काही न बोलता कॅमेऱ्याकडे बघतो तो अर्धा सेकंद चेपला जातो आणि विनोद तिथंच मरतो. शेजारी कागद ठेवा. हसू आलं की फक्त वेळ टिपा: ०७:४०, १२:१५. कारण लिहायला गेलात तर पुढचा विनोद निसटलाच म्हणून समजा. पाहुणा कोण हे ठाऊक नसेल तर माहिती नंतर काढा. त्याची ओळख नसतानाही प्रवेश रंगला, तर तीच मोठी नोंद आहे.

मागून ऐकू येणाऱ्या हशाला भुलू नका. स्टुडिओत प्रेक्षक नव्हते, हशा नंतर जोडलेला आहे. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ बघतानाही परीक्षक पोट धरून हसताना दिसले म्हणजे स्किट जमलंच असं नाही. आपण हसलो का, एवढंच कागदावर यायला हवं.

दुसऱ्या दिवशी टिपलेल्या वेळांपैकी तीन जागा निवडा आणि त्या आवाज बंद करून बघा. लिखाणाचा खरा ऐवज इथं मिळतो. बाहुलीच्या तोंडात कलाकाराचा पंजा असतो, वर चार बोटं आणि खाली अंगठा. चांगला कलाकार अंगठा खाली नेतो, म्हणजे जबडा हलतो आणि डोकं स्थिर राहतं. कच्चा कलाकार चारही बोटं वर उचलतो, मग बाहुली झाकण उघडल्यासारखी बोलते आणि तिची नजर छताकडे जाते. तोंड अक्षरासरशी उघडायला हवं. ‘नमस्कार’ म्हणताना ते अक्षरावर मिटत गेलं, तर बाहुली शब्द चावून खातेय असं वाटतं. पंजा स्वतःच्या तोंडासमोर धरून आरशात एकदा करून बघा, फरक लगेच कळेल.

मग हात बघा. केर्मिटचे हात बारीक सळ्यांवर चालतात, त्यामुळे तो वस्तू सहज उचलू शकत नाही. फॉझी अस्वल, रोल्फ कुत्रा आणि स्वीडिश शेफ हा आचारी यांच्या हातांच्या जागी मात्र माणसांचे खरे हात असतात. शेफची भांडीकुंडी उडतात ती याच कारणानं: तोंड आणि आवाज जिम हेन्सनचा, हात दुसरा बाहुलीकार फ्रँक ऑझ याचे. एका देहात दोन माणसं, आणि एकाला दुसरा पुढे काय करेल याचा पुरता अंदाज नाही! हे माहीत असलं की ‘शेफ धमाल आहे’ यापलीकडे काहीतरी लिहिता येतं.

नजरही तपासा. डोळे आणि नाक यांची जागा बाहुली बनवतानाच अशी बेततात की ती कुणाकडे तरी बघतेय असं वाटावं. केर्मिटचं डोकं नुसतं मऊ कापडाचं, त्यामुळे आतली मूठ आवळली की त्याचा चेहरा सुरकुततो. वैताग व्यक्त करायला त्याला संवाद लागत नाही.

दुसरा बाहुलीप्रकार असेल तर कसोटीही बदलते. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्यांत हालचाल वरून, दोरीनं येते. तिथं पाय जमिनीवर टेकल्यासारखे वाटतात की तरंगतात ते बघावं. रामदास पाध्ये यांच्या अर्धवटरावासारख्या बोलक्या बाहुल्यात कलाकार समोरच असतो. लोक त्याचे ओठ हलतात का हेच बघत बसतात. त्यापेक्षा बाहुला बोलताना कलाकार ऐकतो कसा ते पाहा. निम्मा विनोद त्या ऐकण्यात असतो.

आता लिहायला बसा. तीनशे-चारशे शब्द पुष्कळ झाले. सुरुवात सगळ्यात मोठ्या हशापासून करा, शीर्षकगीतापासून नको. ठरलेल्या चौकटीत या भागात काय बदललं ते मात्र नोंदवा: शीर्षकगीताच्या शेवटी गॉन्झो या लांब नाकाच्या बाहुल्याची यावेळी काय फजिती झाली, सज्जात बसून कार्यक्रमाला नावं ठेवणाऱ्या दोन म्हाताऱ्या बाहुल्यांचा शेवटचा टोला बसला की हुकला. चौकट हंगामागणिकही बदलते. दुसऱ्या हंगामापासून स्कूटर नावाचा पोरगा पाहुण्याच्या खोलीचं दार वाजवतो, पाचव्यात नाट्यगृहाच्या दारावर पॉप्स हा म्हातारा दरवान बसलेला असतो. ही साखळी ठाऊक नसली की जुनी गंमत नवी म्हणून लिहिली जाते आणि जाणकार हसतात, भलत्याच कारणासाठी.

शब्दांवरच्या कोट्या भाषांतरित करू नका. इंग्रजी कोटी मराठीत आणून वर खुलासा द्यावा लागला की गेलीच ती. त्याऐवजी कोटीनंतर समोरच्याचा चेहरा कसा झाला ते सांगा.

न जमलेला प्रवेश असेल तर तो का फसला, हे एका वाक्यात आणि ठोस लिहा: गाणं लांबलं, पाहुणा बाहुलीऐवजी तिच्याखालच्या माणसाकडे बघत राहिला, एकच गंमत तिसऱ्यांदा आली. आणि सज्जातल्या म्हाताऱ्यांसारखं तिरकस लिहायचा मोह आवरा. ते दोन ओळी बोलून गप्प बसतात, तुम्हाला अजून तीनशे शब्द लिहायचे असतात.