टोपणनाव घ्यायचंय? मग जरा ऐका

सोलापूरच्या साखर पेठेत बसून मी दिवाळी अंकाची प्रुफं तपासतो. दरवर्षी कवितांच्या गठ्ठ्यात एक 'चातक' आणि एक 'निशिगंध' असतोच. बाबांनो, असली नावं आता पुरे.

नाव घरातच शोधा. गडकऱ्यांचा धाकटा भाऊ गोविंद, म्हणून ते गोविंदाग्रज. शिरवाडकरांची धाकटी बहीण कुसुम, म्हणून कुसुमाग्रज. कृष्णाजी केशव दामल्यांनी वडिलांना धरलं आणि केशवसुत झाले. तुम्ही मात्र 'अग्रज' लावू नका, नक्कल लगेच ओळखू येते.

घरात नाही सापडलं तर सोलापुरात बघा. इथल्या संत सिद्धरामेश्वरांच्या बाराव्या शतकातल्या कन्नड वचनांत, म्हणजे छोट्या भक्तिरचनांत, शेवटी 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' येतं. याला अंकित म्हणतात. त्यात नाव कवीचं नसतं, त्याच्या देवाचं असतं. आमचे तुकोबा 'तुका म्हणे' म्हणत स्वतःचंच नाव ओवतात. दोन्ही वाटा खुल्या आहेत. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू दोस्ताला विचाराल तर तो 'कलम पेरु' म्हणेल, म्हणजे सरळ लेखणीचं नाव.

गझल लिहिणाऱ्यांनी जास्त जपायचं. उर्दूत कवीच्या टोपणनावाला तखल्लुस म्हणतात, हा शब्द अरबीतून आलेला. आपण ज्याला खलास म्हणतो त्याच धातूतला, मूळ अर्थ सुटका. तो शेवटच्या शेरात, मक्त्यात गुंफतात. म्हणून नाव आवडलं की आधी त्याचे लघु-गुरू मोजा. पाच-सहा अक्षरांचं भारदस्त नाव घेतलंत तर प्रत्येक मक्त्यात त्याच्याशीच कुस्ती खेळत बसाल. दोन-तीन अक्षरं बास.

मग कुणाला तरी ते माइकवरून पुकारायला सांगा. बार्शीचे शाहीर मेहबूब हुसेन पटेल 'अमर शेख' झाले; मैदानाच्या टोकाला बसलेल्यालाही कळेल असं नाव!

आता व्यवहाराचं. कवितेखाली टोपणनाव लिहा, पण संपादकाच्या पत्रात खरं नाव आणि बँक खात्यावरचं नाव द्याच, नाहीतर मानधन अडकतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार टोपणनावाच्या लेखनाला प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं संरक्षण मिळतं. त्या मुदतीत लेखक कोण हे उघड झालं, तर ६० वर्षं त्याच्या मृत्यूनंतर मोजतात. वारसांचा विचार असेल तर खरं नाव कुठेतरी छापून ठेवा.