फुकट कॅड निवडायचंय? आधी एक ब्रॅकेट काढून बघा

कॅड, म्हणजे संगणकावर मापात भाग काढायचं सॉफ्टवेअर, निवडताना बहुतेकजण काढायला किती सोपं जातं तेवढंच बघतात. पण थोडी चिकाटी असेल तर साधा भाग कशातही काढता येतो. खरी गोम पुढे असते: प्रिंट केलेला भाग वाकतोय, ४ मिमीची जाडी ६ करायची आहे, आणि एक आकडा बदलल्यावर बाकी सगळं जागेवर राहतं की पुन्हा पहिल्यापासून काढायला बसावं लागतं. पारख करायची ती इथे.

त्याआधी फाइल कुणाकडे जाणार ते ठरवा. थ्रीडी प्रिंटरला एसटीएल किंवा थ्रीएमएफ लागते, लेझर कटिंगवाल्याला डीएक्सएफ, आणि लेथवर जॉब करून घ्यायचा असेल तर मापं टाकलेलं ड्रॉइंग. नुसतं एमडीएफ किंवा ॲक्रिलिक कापून घ्यायचं असेल तर थ्रीडीच्या वाटेला जाऊच नका, लिब्रेकॅड हे सपाट (टूडी) ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर पुरे. ते हलकं आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं आणि थेट डीएक्सएफमध्येच सेव्ह करतं. मात्र एकावर एक दोन रेषा राहून गेल्या तर लेझर तिथून दोनदा फिरतो आणि कड जळते. फाइल पाठवताना ‘बाहेरचं माप १२० बाय ८० मिमी’ असं शब्दांत लिहाच. समोरच्याने ती इंचात उघडली तर भाग २५.४ पट मोठा होतो. माप लिहिलेलं असलं की चूक कापण्याआधी सापडते. सुताराने माप सुतात सांगितलं तर १ सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. तेही मिमी करूनच टाका.

थ्रीडीसाठी चाचणीचा भाग असा घ्या: एल आकाराचा ब्रॅकेट, दोन्ही पाय बाहेरून ४० मिमी, रुंदी २०, जाडी ४, दोन्ही पायांत एम४ स्क्रूसाठी ४.४ मिमीचं एकेक भोक, आतल्या कोपऱ्याला ३ मिमीची गोलाई. भोक नेमकं ४ चं ठेवू नका. प्रिंटमध्ये भोकं थोडी आवळून येतात आणि स्क्रू अडकतो.

हा भाग फ्रीकॅड या फुकट थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये काढून बघा. आवृत्ती १.० किंवा त्यापुढचीच घ्या. त्याआधी एखादं माप बदललं की पृष्ठभागांचे अंतर्गत क्रमांक बदलायचे आणि त्यांच्यावर बसवलेली भोकं भलतीकडे उडायची. २०२४ च्या नोव्हेंबरात आलेल्या १.० मध्ये हा त्रास बराच कमी झाला.

पार्ट डिझाइन वर्कबेंचमध्ये बॉडी तयार करा, एक्सझेड प्लेनवर स्केच (सपाट आकृती) उघडा आणि सहा रेषांचा एल काढा, बाहेरचा कोपरा ओरिजिनवर (शून्य बिंदूवर). सगळ्या रेषा आडव्या-उभ्या बांधा. बाहेरच्या दोन्ही लांब बाजूंना इक्वल (समान लांबीचं बंधन) लावा, पायांच्या टोकाच्या दोन छोट्या रेषांनाही इक्वल लावा. आता मापं फक्त दोनच द्यायची, ४० आणि ४. स्केच हिरवं झालं म्हणजे काहीच सुटं राहिलेलं नाही. हिरवं होत नसेल तर एखादी रेष ढकलून बघा; जी हलते तिथे बंधन कमी आहे. मग पॅड (स्केचला जाडी देणं) २० मिमी, प्लेनच्या दोन्ही बाजूंना सारखा.

भोकाचं स्केच ब्रॅकेटच्या पृष्ठभागावर बसवू नका, एक्सवाय प्लेनवर घ्या: वर्तुळाचं केंद्र आडव्या अक्षावर, ओरिजिनपासून २५ मिमी. पॉकेट (स्केचच्या आकाराने कोरणं) केल्यावर भोक पडत नाही, तिथे नवखा माणूस हमखास अडतो. कारण साधं आहे: पॉकेट उलट्या दिशेला, हवेत चाललेलं असतं. रिव्हर्स्डवर खूण करा. खोली ४ न लिहिता ‘थ्रू ऑल’ निवडा, नाहीतर जाडी ६ झाली की आत २ मिमीचा पडदा राहील. दुसरं भोक वायझेड प्लेनवरून तसंच, फक्त केंद्र उभ्या अक्षावर. गोलाई सगळ्यात शेवटी. आता पहिल्या स्केचमध्ये जाऊन ४ चे ६ करा. ब्रॅकेट जाड होईल आणि भोकं जागेवर राहतील.

हेच टिंकरकॅडमध्ये ठोकळे जोडून दहा मिनिटांत होतं, शाळकरी पोरंही करतात. पण जाडी बदलायची म्हटलं की ठोकळे सुटे करून एकेक सरकवावा लागतो. एकदाच लागणाऱ्या खुंटीला किंवा नावाच्या पाटीला ते उत्तम, स्क्रूने जोडायच्या पाच भागांच्या डब्याला नको.

कोड लिहिणाऱ्यांना ओपनएससीएडी आवडतं. तिथे जाडी म्हणजे एक चल, बदला की झालं. त्यात एक फसगत आहे. वर्तुळाच्या बाजू किती हे सांगितलं नाही तर ४.४ मिमीचं भोक सात बाजूंचं निघतं. बहुभुज वर्तुळाच्या आत बसत असल्याने समोरासमोरची मोकळी जागा ३.९६ मिमीच्या आसपास उरते, आणि एम४ जात नाही. बाजू ६४ सांगा, माप ४.३९ च्या वर येतं. वजा करायचा दंडगोल दोन्हीकडून थोडा बाहेर काढा, नाहीतर भोकाच्या तोंडावर कागदासारखी पापडी दिसते.

फ्यूजन आणि ऑनशेप ही कंपन्यांची सॉफ्टवेअर. वापरायला फ्रीकॅडपेक्षा गुळगुळीत, हे मान्यच करावं लागेल. पण फुकटाच्या अटी वाचून घ्या. फ्यूजनच्या वैयक्तिक परवान्यात एका वेळी १० च फाइली संपादनासाठी खुल्या ठेवता येतात आणि ते लिनक्सवर अधिकृतपणे चालत नाही. ऑनशेप ब्राउझरमध्ये चालत असल्याने साधा लॅपटॉप पुरतो, पण फुकट खात्यातलं तुमचं प्रत्येक डिझाइन सगळ्यांना उघडं असतं. उद्या ती वस्तू विकायचा विचार असेल तर दोन्ही नकोत.

ब्लेंडर मूर्ती, मुखवटे, खेळण्यांसाठी. मिमीत बसवायच्या भागाला तो वापरणं म्हणजे उगाच द्राविडी प्राणायाम.

कोणतंही घ्या, काम संपलं की मूळ फाइलीसोबत स्टेप फाइलही काढून ठेवा, जिथे सोय आहे तिथे. एसटीएल म्हणजे नुसती त्रिकोणांची जाळी; त्यातून भोकाचा व्यास बदलणं जवळपास नव्याने काढण्याइतकंच. स्टेपमध्ये बदलांचा इतिहास येत नाही, पण भोक भोकच राहतं आणि दुसऱ्या कॅडमध्ये उघडून कामाला लावता येतं. टिंकरकॅड आणि ओपनएससीएडीतून स्टेप निघत नाही, हाही निवडताना मोजायचा मुद्दा आहे.