जुन्या लाकडी पाइपला रंग-पॉलिश करताय? या चुका टाळा

कपाटं, पेट्या, देव्हारे यांना पॉलिश करणारे हात मराठवाड्यात गावोगावी आहेत, आणि चांगले आहेत. अडचण तिथूनच सुरू होते. वाड्याच्या वाटण्या होतात, माळ्यावरची ट्रंक उघडते, तिच्यात आजोबांचा तंबाखू ओढायचा पाइप निघतो आणि तो थेट फर्निचरच्या मिस्त्रीकडे जातो. मिस्त्री म्हणतो, ‘‘चार हात मारून देतो साहेब, तोंड दिसंल बघा त्यात.’’ आणि तो दिलेला शब्द पाळतो. पण कपाट आतून तापत नाही आणि कपाट कोणी तोंडात धरत नाही. पाइपचं ही दोन्ही कामं केल्याशिवाय भागत नाही. खालच्या बहुतेक चुका फर्निचरची सवय पाइपवर चालवल्यामुळे होतात.

तंबाखू वाईट, ते वेगळं सांगायला नको. बरेच जण पाइप फक्त शोकेसमध्ये ठेवायला नीट करून घेतात, ते उत्तमच. तरी काम करताना तो उद्या कोणीतरी पेटवेल असं धरूनच करा.

लाकूड न ओळखता सुरुवात

सगळे पाइप एका लाकडाचे नसतात. चांगले जुने पाइप बहुधा ब्रायरचे असतात. एरिका आर्बोरिया हे भूमध्य समुद्राकाठचं झुडूप. त्याच्या खोडाच्या तळाशी जमिनीत जी गाठ वाढते, तिच्यापासून पाइप घडवतात. फ्रान्समधलं सेंट क्लोद हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून याच कामासाठी नावाजलेलं. ही गाठ तासन् तास उकळून महिनोन् महिने वाळवतात, म्हणून ती निखारा सोसते. तिच्यावर एका बाजूला उभ्या रेषा आणि दुसऱ्या बाजूला बारीक डोळ्यांसारखे ठिपके दिसतात.

आपल्याकडे शिसमचे, पितळी तारकाम केलेले शोभेचे पाइपही पुष्कळ सापडतात. शिसम मुळातच गडद आणि तेलकट असतो. त्याला रंग द्यायची गरज नसते, आणि दिला तरी तो धड धरत नाही. स्वच्छ करून मेण लावलं की काम झालं. ब्रायर मात्र रंग सुरेख पितो. पुढचं सगळं ब्रायरबद्दल आहे.

तोंडनळी गरम असताना पिळणं

पाइप नुकता ओढलेला असेल किंवा उन्हात पडून तापलेला असेल, तर तोंडनळी काढू नका. तिचं दांड्यात बसणारं बारीक टोक तिथेच तुटून आत राहतं किंवा दांडा चिरतो. पाइप पूर्ण गार होऊ द्या, दांडा मुठीत घट्ट धरा आणि नळी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हळूहळू फिरवत ओढा. वर्षानुवर्षांचा कीट जमून ती चिकटली असेल तर पाइप अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा आणि मग प्रयत्न करा. पक्कड लावायचा मोह होतो. लावू नका.

वाटी खरवडून लाकूड उघडं पाडणं

वाटीत, म्हणजे तंबाखू भरायच्या पोकळीत, जमलेल्या काजळीच्या थराचा जुन्या पाइप ओढणाऱ्यांना अभिमान असतो. थर असावाही, पण जेमतेम नाण्याच्या जाडीचा. त्याहून जाड झाला की तापल्यावर तो लाकडापेक्षा वेगळ्या प्रमाणात फुगतो आणि वाटीला तडा देतो. तो काढायला टोकदार चाकू घातला तर बुडाशी चर पडतात, धुराचं भोक मोठं होतं. जाड पेन्सिलीला ८० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळा आणि सावकाश फिरवा. ही धूळ फार वाईट असते, तोंडाला रुमाल नाही, मास्क बांधा. वाटीच्या आत पांढरट, मऊ दगडासारखं अस्तर दिसलं तर ते मीरशॉम आहे. त्याला पेपरही लावायचा नाही, फक्त पुसायचं.

आत पॉलिशचं स्पिरिट ओतणं

या एका चुकीवर थोडं थांबतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं पॉलिशचं स्पिरिट विकृत केलेलं असतं. कोणी पिऊ नये म्हणून त्यात मिथेनॉलसारखे विषारी पदार्थ मिसळलेले असतात. बाहेरच्या अंगाला ते लावलं तर उडून जातं. पण वाटीत आणि धुराच्या नळीत ते कापसाच्या बोळ्याने रात्रभर भरून ठेवणं म्हणजे जिथून माणूस श्वास ओढणार तिथेच नको ते मुरवणं.

आतल्या सफाईला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. मेडिकलमध्ये मिळतं ते बहुधा ७० टक्क्यांचं असतं, म्हणजे त्यात जवळपास तिसरा हिस्सा पाणी. पाण्याने लाकडाचे तंतू उभे राहतात आणि मग गुळगुळीत करायचं काम दुप्पट होतं. मोबाइल दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात ९९ टक्क्यांचं मिळतं, ते घ्या. वाटीत कापूस भरा, त्यावर थेंब थेंब सोडा, रात्रभर ठेवा. सकाळी कापूस चहाच्या चोथ्यासारखा काळपट तपकिरी झालेला असतो. तो पांढरा निघेपर्यंत पुन्हा पुन्हा करा. नंतर दोन-तीन दिवस पाइप उघडा, सावलीत ठेवा.

सावलीत म्हणजे सावलीतच. धुतलेलं सगळं माळवदावर नेऊन टाकायची आपली सवय एप्रिल-मेमध्ये पाइपच्या जिवावर उठते. बेचाळीस अंशांच्या उन्हात ओला ब्रायर बाहेरून लवकर सुकतो, आतून ओलाच राहतो आणि रेषेला धरून फाटतो.

जुनं रोगण न काढता रंग चढवणं

रंग डागाडागात बसला, एका बाजूला गडद आणि दुसरीकडे जणू लावलाच नाही, अशी तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. कारण जवळजवळ नेहमी एकच: खाली जुनं मेण, हाताचं तेल किंवा रोगणाचा थर शिल्लक आहे. रंगाला लाकूडच मिळालं नाही.

आधी न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा एक थेंब टाका. मिनिटाभरात ती जागा चिकट झाली तर वर चपडा, म्हणजे लाखेचं पॉलिश आहे, तो स्पिरिटनेच निघेल. काहीच झालं नाही तर लॅकर असू शकतं. त्याला अ‍ॅसिटोन लागतं. अ‍ॅसिटोन वापरण्याआधी तोंडनळी बाजूला काढून ठेवा, अ‍ॅक्रिलिकची असेल तर ती धुरकट होते. पुसता पुसता फडक्यावर तपकिरी रंग येणं थांबलं, लाकूड कोरडं आणि निस्तेज दिसू लागलं, की मग पुढे जा.

आणखी एक. दांड्यावर बारीक अक्षरांत ठसा असतो. पाइप कुठला, कोणी घडवला, हे सांगणारी तीच एक खूण. पेपर मारताना तिच्यावर सेलोटेप लावा. ठसा घासून गुळगुळीत केलेला पाइप कितीही चमकला तरी जाणकार तो हातात घेऊन परत ठेवतो.

काठावर काळा जळका पट्टा असेल तर तिथेही रंग धरणार नाही. काच किंवा फरशीवर २४० नंबरचा पेपर पसरा, पाइप उलटा धरून लहान लहान गोल फिरवा आणि दर चार फेऱ्यांनी बघा. पट्टा पुरता जावा म्हणून घासत राहिलात तर वाटीची उंची कमी होऊन पाइपचा घाटच बदलतो. थोडा काळपटपणा राहिला तर राहू द्या, गडद रंगात तो झाकला जातो. लाकडात लांबी (पुट्टी) भरलेल्या जागाही अशाच, गुलाबी ठिपक्यांसारख्या वर येतात. तिथे फिका रंग निवडून उपयोग नाही.

चुकीचा रंग, चुकीची वेळ

बाजारात तीन गोष्टी हाताशी येतात: डब्यातला ऑइल स्टेन, स्पिरिटमध्ये विरघळणारी रंगपूड आणि चामड्याचा स्पिरिटयुक्त रंग. ऑइल स्टेनमध्ये रंगाचे कण असतात. ते वर बसतात आणि रेषा झाकून टाकतात. ज्या रेषांसाठी ब्रायर घ्यायचा, त्याच दिसेनाशा होतात. बूट पॉलिश तर नकोच. पाइप तापला की ते हाताला लागतं आणि वासही येतो. स्पिरिटमधला रंग लाकडात उतरतो, म्हणून तो घ्या. चपला-बुटांच्या सामानाच्या दुकानात चामड्याचा रंग विचारा; घेताना तो स्पिरिटचा आहे की पाण्याचा, हे बाटलीवर वाचा.

वेळेचं कोणी बोलत नाही, पण आपल्या भागात तीच महत्त्वाची. उन्हाळ्यात दुपारी रंग लावायला घेतला तर बोळा वाटीभोवती अर्धा फिरेपर्यंत मागचं स्पिरिट उडालेलं असतं. त्यावर दुसरा हात गेला की गडद पट्टा उमटतो. हे काम सकाळी, पंखा बंद करून करा. वाटीत बाटलीचं बूच घट्ट बसवा, म्हणजे धरायला मूठ होते आणि रंग आत जात नाही. वाटीच्या आत रंग कधीही लावायचा नाही. बोळा पुरता भिजवा आणि न थांबता सगळीकडून फिरवा.

काही जण लावलेल्या रंगाला काडी दाखवतात. स्पिरिट भुर्रकन जळून जातं आणि रंग आत बसतो. पद्धत जुनी आहे, चुकीची नाही. पण रंगाची बाटली झाकण लावून दुसऱ्या खोलीत ठेवल्याशिवाय काडी ओढू नका. स्पिरिटची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही, विझली असं वाटून माणूस हात घालतो. नवख्याने हे टाळलेलं बरं. रात्रभर नुसतं वाळवलं तरी रंग बसतो, फक्त वेळ लागतो.

रेषा उठून दिसायला हव्यात तर रंग दोनदा लावा. आधी गडद तपकिरी किंवा काळा, मग तो ६०० नंबरच्या पेपरने हलका घासून काढा. बाकीच्या भागातून निघून जातो, रेषांत राहतो. त्यावर फिका, लालसर किंवा मधाच्या रंगाचा हात द्या. हातात घेतल्यावर बोटांना रंग लागतोय? जास्तीचा रंग पुसलेला नाही. आयसोप्रोपिलने जेमतेम ओलावलेल्या सुती फडक्याने पुसा, फडकं स्वच्छ निघेपर्यंत. मेणाने हा दोष झाकत नाही.

वर चपडा, पॉलियुरेथिन किंवा करडईचं तेल

चपड्याला सरसकट नावं ठेवायचं कारण नाही. पाइपच्या कारखान्यांतही त्याचा पातळसा हात देतात. बिघडतं ते आठ-दहा हातांनी. चपडा साधारण ७५ अंशांच्या आसपास मऊ पडतो. जाड थर दिलेला पाइप पेटवला की काठाजवळ फोड येतात, अंगठ्याचा ठसा उमटतो. पावसाळ्यात, हवेत ओल असताना चपडा लावला तर तो पांढुरका धुरकट होतो. हे कपाटालाही होतं. पॉलियुरेथिन त्याहून वाईट. ते प्लास्टिकच्या पिशवीसारखं वर बसतं आणि उष्णतेने सुटून पापुद्रे धरतं.

घरात असलेलं तेल चोळणं हा आपला दुसरा उद्योग. करडईचं तेल हवेत हळूहळू चिकट होतं, धूळ धरतं आणि खवट वास सोडतं. शेंगदाण्याचंही खवट होतं. डबल बॉइल्ड जवस तेल फर्निचरला छान, पण ते लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंची संयुगं घातलेली असतात, तोंडाजवळ नकोत. शिवाय त्याची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर आपोआप पेट घेऊ शकतात.

पाइपला कार्नोबा मेण. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं हे मेण ८२ ते ८६ अंशांना वितळतं; आपलं मधमाश्यांचं ६२ ते ६५ लाच. म्हणून नुसतं मधमाश्यांचं मेण हातात गिळगिळीत लागतं आणि कार्नोबा टिकतं. पण ते इतकं कडक असतं की हाताने चोळून बसत नाही. ड्रिलला कापडी चाक लावून हलक्या वेगाने चढवावं लागतं. पाइप चाकाच्या खालच्या बाजूला धरा, कडेला नाही, आणि खाली फरशीवर जुनी वाकळ अंथरा. चाकाने हातातून हिसकावलेला पाइप फरशीवर आपटला की दांडा दोन तुकडे. ड्रिल नसेल तर कार्नोबात थोडं मधमाश्यांचं मेण वितळवून पातळ हात द्या, हेअर ड्रायरने ऊब द्या आणि लोकरीच्या कापडाने चोळा. चमक थोडी कमी येते. चालतं.

हिरवट पडलेली नळी ब्लीचमध्ये बुडवणं

काळी नळी हिरवट-तपकिरी झाली असेल तर ती बहुधा व्हल्कनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची. अंगठ्याने जोरात चोळून हुंगा, गंधकाचा वास येतो. ब्लीचने रंग जातो, पण पृष्ठभाग खरबरीत होतो आणि पुढच्या वेळी अधिक लवकर हिरवा पडतो. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात वॉटर पेपर मिळतात. ४०० पासून ६००, ८००, १०००, १५००, २००० असे चढत जा, पाण्यात भिजवून. मधला नंबर गाळलात तर आधीच्या पेपरचे ओरखडे शेवटच्या चमकेत दिसतात.

जोडाजवळ घासताना नळी पाइपमध्ये बसवूनच घासा. सुटी घासली तर तिची कड गोल होते आणि दांड्याशी जुळताना खाच दिसत राहते. ही खाच नंतर कशानेही भरून निघत नाही. दातांचे खड्डे असतील तर लायटरची ज्योत दुरून, सतत हलवत दाखवा. व्हल्कनाइट आपला मूळ आकार धरायला बघतं आणि खड्डा बराच वर येतो. अ‍ॅक्रिलिकला ज्योत दाखवू नका.

नीट झालेला पाइप कौतुकाने खिडकीतल्या शोकेसमध्ये जातो. प्रकाश, ऊब आणि ओल यांनीच नळी हिरवी पडते, त्यामुळे वर्षभरात ती पुन्हा तशीच दिसेल. बंद कपाटात ठेवा, नळीवर अधूनमधून खनिज तेलाचा पुसट हात फिरवा, आणि नळी दांड्यात जोर लावून ठासू नका. पावसाळ्यात लाकूड फुगलं की तीच जागा सगळ्यात आधी चिरते.