खड्डा खणण्याआधी : कोकणातल्या घरासाठी सेप्टिक टँकचे माप ठरवताना

कोकणात घर बांधताना जोत्यापासून कौलांपर्यंत प्रत्येक गोष्टीवर चार-चार बैठका होतात, आणि सेप्टिक टँकचा विषय मात्र गवंड्याच्या ‘सहा बाय चार बाय पाच, सगळीकडे हाच मारतो’ या एका वाक्यात मिटतो. त्या वाक्याला मान डोलावण्याआधी कागदावर काही नोंदी करून ठेवाव्यात.

पहिली नोंद माणसांची. शौचालये किती यावर टाकीचे माप ठरत नाही. ती वापरणारी माणसे किती आणि किती दिवस, यावर ते ठरते. आमच्या घरात वर्षभर पाच माणसे असतात, पण गणपतीत मुंबई-पुण्याची भावंडे आली की आकडा अठरावर जातो आणि आठवडाभर तिथेच राहतो. असे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहावेत : गाळ किती वेगाने साठेल हे पहिल्यावरून कळते, आणि गर्दीच्या दिवसांत टाकी पुरेल का हे दुसऱ्यावरून. पुढे सून येणार असेल किंवा वरचा मजला पर्यटकांना देण्याचा विचार असेल, तर ती माणसेही आजच धरावीत, कारण स्लॅब पडलेली टाकी वाढवता येत नाही.

दुसरी नोंद पाण्याची. टाकीत फक्त शौचालयाचे पाणी सोडायचे की न्हाणीघराचे आणि स्वयंपाकघराचेही, हे आधी ठरवावे. माझे मत स्पष्ट आहे : आंघोळीचे आणि धुण्याभांड्यांचे पाणी वेगळ्या नळीने माडांच्या अळ्यांकडे न्यावे. दरडोई रोजच्या १३५ लिटर वापरापैकी शौचालयाच्या फ्लशसाठी साधारण ४५ लिटर धरतात; म्हणजे बाकीचे पाणी वगळले की टाकीवरचा भार एक तृतीयांशावर येतो.

आता गवंड्याचे माप या आकड्यांवर घासून पाहावे. सहा बाय चार बाय पाच फूट म्हणजे १२० घनफूट, सुमारे ३,४०० लिटर, असे कोणालाही वाटेल. पण हे माप खड्ड्याचे आहे. दोन्ही बाजूंच्या नऊ इंची भिंती वजा केल्या की आत साडेचार बाय अडीच फूट उरतात. तळाचे सहा इंच काँक्रीट आणि पाण्याच्या वर मोकळी ठेवायची सुमारे एक फूट जागा वजा केली की पाण्याची खोली साडेतीन फुटांवर येते. हिशेब होतो ३९ घनफूट, म्हणजे जेमतेम १,१०० लिटर, आणि तोही आतला गिलावा न धरता. टाकीचा एक तृतीयांश भाग गाळाने भरला की उपसा करावा, असा साधा नियम आहे. त्या अवस्थेत इथे सुमारे ७४० लिटर जागा शिल्लक राहील, आणि गणपतीतल्या अठरा माणसांचे पाणी रोज ८१० लिटर होईल. मैला खाली बसण्यासाठी पाणी टाकीत निदान एक दिवस थांबायला हवे; इथे ते दिवसभरही थांबणार नाही, आणि न बसलेला मैला सरळ शोषखड्ड्यात, म्हणजे टाकीतून बाहेर पडणारे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यात, जाऊन त्याची छिद्रे बुजवेल.

भारतीय मानक २४७० मध्ये दहा वापरकर्त्यांसाठी आतून २.० मीटर लांब आणि ०.९ मीटर रुंद टाकी दिली आहे. दरवर्षी उपसा करायचा असेल तर पाण्याची खोली १.० मीटर, दोन वर्षांनी करायचा असेल तर १.४ मीटर. पहिली १,८०० लिटरची होते, दुसरी २,५२० लिटरची. पाच माणसांच्या पण पाहुण्यांच्या घराला मी दुसरी निवडेन, कारण एक तृतीयांश गाळ साठल्यावरही तिच्यात अठरा जणांचे दोन दिवसांचे पाणी मावते. २,००० लिटरपेक्षा मोठ्या टाकीला मधली भिंत लागते, आणि ती मैला येतो त्या बाजूपासून दोन तृतीयांश अंतरावर घ्यावी. गवंड्याला माप सांगताना ‘आतून, गिलावा झाल्यावर, आणि खोली पाण्याची’ हे शब्द कागदावर लिहून द्यावेत. तोंडी सांगितलेले खड्डा खणताना कोणाच्या लक्षात राहत नाही.

जागेची नोंद श्रावणात केलेली बरी. जांभा सच्छिद्र असतो आणि भर पावसात विहिरीचे पाणी काठाजवळ येते, म्हणून उन्हाळ्यात कोरडा दिसणारा खड्डा फसवतो. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून १८ मीटर आणि राहत्या घरापासून ६ मीटर दूर हवा. हे अंतर शेजाऱ्याच्या विहिरीपासूनही टेप लावून मोजावे, गडग्यापलीकडे आहे म्हणून सोडू नये. तयार प्लॅस्टिकची टाकी घेणार असाल, तर उपसलेली रिकामी टाकी भर पावसात जमिनीतल्या पाण्याने वर उचलली जाऊ शकते, हे लक्षात घेऊन उपसा मे महिन्यात करावा आणि लगेच पाणी भरावे. पाच माणसांचे, पाहुण्यांची वर्दळ नसलेले आणि विहिरीपासून लांबचे घर असेल, तर टाकीशिवाय, आलटून-पालटून वापरायच्या दोन शोषखड्ड्यांचे शौचालय स्वस्त पडते, आणि तो पर्याय कमीपणाचा मुळीच नाही.

उपसा कोण करणार, हेही माप ठरवतानाच विचारावे. तालुक्याच्या गावी मैला उपसणारी गाडी आहे का, तिची नळी किती लांब, ती पाणंदीतून आत येईल का, हे पाहून टाकीची जागा पुढेमागे करावी. साताऱ्यातल्या वाईत आणि नाशिककडच्या सिन्नरमध्ये नगरपरिषदेने ठरलेल्या वेळापत्रकाने उपसा सुरू केला. बहुतेक गावांत मात्र फोन करून गाडी बोलवावी लागते. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला साफसफाईसाठी टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि आतला वायू क्षणात जीव घेतो, त्यामुळे ‘गाडी नाही आली तर कोणी उतरेल’ हा पर्याय कागदावर येताच कामा नये. दोन्ही कप्प्यांवर वेगळी झाकणे ठेवावीत. गाळ मोजायला लांब काठीच्या टोकाला पांढरे फडके गुंडाळून ती तळाला टेकवून सावकाश वर काढावी. काळा थर किती चढला ते फडक्यावर दिसते. हे करताना झाकणावर वाकू नये, जवळ विडी किंवा दिवा नको.

शेवटी स्लॅब टाकण्याआधी टाकी पाण्याने भरून २४ तास पातळी पाहावी, आणि आतली मापे, मधली भिंत व दोन्ही झाकणांच्या जागा, घराच्या कोपऱ्यापासूनच्या अंतरांसह, एका कागदावर उतरवून घराच्या कागदपत्रांत ठेवाव्यात. आमच्या जुन्या टाकीचे झाकण शोधायला अबोलीचा अख्खा वाफा खणावा लागला होता.