ओकापी ओळखायचा कसा?
फोटोत मागच्या पायांवर पांढरे-काळे पट्टे दिसले की लोक लगेच झेब्रा म्हणून मोकळे होतात, पण थांबा, आधी अंग बघा. अंगभर चॉकलेटी मखमल आणि पट्टे फक्त पायांवर नि मागच्या बाजूला असतील तर तो ओकापी, आणि हा झेब्र्याचा कोणी नाही, जिराफाचा सख्खा नातेवाईक आहे.

मग डोकं बघायचं. कातडीनं झाकलेली छोटी शिंगं दिसली तर नर, मादीला बहुतेक नुसती टेंगळं असतात, आणि गंमत म्हणजे मादीच जरा मोठी असते. जीभ बाहेर असेल तर कामच झालं, एवढी लांब की स्वतःचे कानसुद्धा चाटतो!

बॅकग्राउंडही चेक करा. मोकळं गवताळ मैदान असेल तर शंका घ्या, कारण हा फक्त काँगो लोकशाही प्रजासत्ताकातल्या दाट जंगलात राहतो, इतुरीचं जंगल त्यातलं मेन. तिथे हे पट्टे झाडीतल्या ऊन-सावलीत असे मिसळतात की बाहेरच्या शास्त्रज्ञांना हा प्राणी नीट कळायला 1901 उजाडलं, स्थानिक लोकांना मात्र तो आधीपासून माहीत होता.