सूर्यफूल-भुईमूग पेरताय? आधी बांधावरचं गाजरगवत उपटा

पहिला पाऊस झाला की बांधावर गाजरगवत वीतभर वर येतं. ते उपटायची खरी वेळ हीच. फुलं आल्यावर जागं होऊन उपयोग नाही, कारण या गवताच्या फुलांतूनच भुईमूग-सूर्यफुलावर रोग येतो.

भुईमुगाचा शेंडा करपून झाड वाळलं की आपण त्याला शेंडेमर म्हणतो. २००० सालच्या खरिपात आंध्रातल्या अनंतपूर जिल्ह्यात सुमारे सव्वादोन लाख हेक्टर भुईमूग असाच गेला. आधी सगळ्यांना तो नेहमीचा बड नेक्रोसिस, म्हणजे दुसऱ्या एका विषाणूने होणारी शेंडेमरच वाटली. तपासणीत निघाला टोबॅको स्ट्रीक विषाणू, त्याआधी १९९७ मध्ये कर्नाटकात सूर्यफुलावर रोग दिसला होता तोच.

हा विषाणू गाजरगवतात राहतो आणि गवतावर लक्षण काहीच दिसत नाही. तो असतो परागकणांत. फुलकिडे फुलात शिरतात, अंगाला पराग चिकटतात, मग शेजारच्या कोवळ्या पिकाचं पान खरवडतात. त्या जखमेतून विषाणू आत जातो. मूळ अमेरिकेतलं हे गवत पुण्यात १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा नोंदलं गेलं. आज ते पडीक रान, रस्त्याची कड, गायरान सगळीकडे आहे. एवढं गवत, त्यात पावसाचा खंड पडून वाढलेले फुलकिडे आणि बाजूलाच कोवळं पीक, असं जुळून आलं की रोग पिकात उतरतो.

म्हणून बांधासकट शेजारची पडीक जागाही साफ करा. हे एकट्याचं काम नाही, शेजाऱ्याला बरोबर घ्या. हातमोजे घालाच, या गवताने अंगाला खाज आणि पुरळ उठतं. फुलाआधी उपटलेलं गवत कंपोस्टला चालतं. फुलावर आलेलं झाडझटक करून उपटू नका, पराग उडतात.

पेरणीच्या आधी पंधरा दिवस शेताच्या चारी कडांना ज्वारी किंवा बाजरीच्या चार-पाच ओळी दाट पेरा. पीक कोवळं असतानाच ही भिंत उभी असली पाहिजे, वाऱ्यासोबत येणारे फुलकिडे तिथे अडतात. सूर्यफुलाच्या बियाण्याला इमिडाक्लोप्रिड ७० टक्के हे कीटकनाशक, किलोला ५ ग्रॅम चोळा. सूर्यफूल आणि भुईमूग एकमेकांना लागून घेऊ नका. भुईमूग विरळ ठेवू नका, उघड्या जमिनीवर फुलकिडे जास्त उतरतात.

रोगट भुईमूग उपटत बसण्यात मजुरी घालवू नका. त्या झाडावरून रोग पुढे जात नाही, तो बाहेरच्या फुलांतून येतो. सूर्यफुलाचं मात्र उलट आहे. उशिरा लागण झालेलं झाड फुलतं आणि त्याचा परागही रोग पसरवतो, ते दिसताच काढा. ज्यांच्याकडे दरवर्षी खरिपात हा रोग येतो, त्यांनी सूर्यफूल रब्बीत घ्यावं, तेव्हा प्रादुर्भाव बराच कमी असतो.